उसनी छाती

१

फौजदारांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, तोही उलटा.

“साफ आहे,” ते म्हणाले.

“सुलटा केलात तरी साफच दिसेल,” फोटोबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

इथे एक्स-रेला एक्स-रे कुणी म्हणत नाही, सगळे फोटोच म्हणतात. फोटोबाईंची एकोणतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या छात्या धुऊन वाळत घालण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं, म्हणून त्या आठ महिन्यांपूर्वी गारगोटीच्या खाणींजवळच्या या लहानशा दवाखान्यात आल्या. काम एवढंच, की खाणवाल्यांचे फोटो पाकिटांत घालून नंबराप्रमाणे लावून ठेवायचे. कुणी मधे लुडबुड केलेली त्यांना खपत नसे.

आज मात्र लुडबुडीला तीन माणसं जमली होती. फौजदार होते, खाणींचा मुकादम होता, आणि दवाखान्याचे तरुण डॉक्टर कोपऱ्यात चेहरा पाडून उभे होते.

“बारा नंबरचा बिल्ला म्हणजे गिरमिट,” मुकादम सांगू लागला. दगडात भोकं पाडणाऱ्या त्या माणसाला सगळे गिरमिटच म्हणत. “वय अडतीस. सोमवारी संध्याकाळी घरी गेला. बायकोने वाटीतून काहीतरी पाजलं, आणि पाव तासात खलास. ओठ निळे, तोंडाला फेस. शेजारणींनी डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्रीच सगळं उरकून टाकलं. आता राख तेवढी आहे. लोक म्हणतात, दगडाने मेला, धूळ छातीत बसून. अहो, पाच महिन्यांपूर्वीचा हा फोटो! छाती आरशासारखी. मग दगडाने कसा मरेल?”

“म्हणजे बायकोने,” फौजदार म्हणाले. त्यांनाही ते फारसं आवडलेलं दिसत नव्हतं. “डॉक्टर, शिक्का तुमचाच ना?”

“माझाच.” डॉक्टरांचा आवाज अगदी खोल गेला होता. “फोटो साफ होता म्हणूनच तर मी त्याला नुसतं खोकल्याचं औषध देत राहिलो.”

फोटोबाईंनी चष्मा पुसला आणि फोटोवर बोट ठेवून त्या फासळ्या मोजू लागल्या. एक, दोन, तीन. दहापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

“फौजदारसाहेब, जरा पोटभर श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा. श्वास पुरता भरला ना, की पडदा खाली जातो आणि त्याच्या वर मागच्या दहा फासळ्या मोजता येतात. या माणसाच्या दहा आहेत. चांगला ताठ उभा राहून त्याने श्वास धरलाय.”

“मग?”

“गिरमिट या दवाखान्याच्या सहा पायऱ्या चढताना तीनदा खाली बसायचा. तीन आकडे म्हणेपर्यंतही त्याला श्वास धरता येत नव्हता.” फोटोबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. “नंबर त्याचा आहे. छाती त्याची नाही.”

फौजदारांनी घड्याळ पाहिलं.

“चार वाजता तिला तालुक्याला न्यायचंय,” ते म्हणाले. “तोपर्यंत छाती कुणाची ते सांगा. नाहीतर माझ्यापुढे साफ फोटो आणि ती वाटी, एवढंच आहे.”

२

गिरमिटाचं घर कामगारांच्या रांगेत शेवटचं. एकच खोली, पण लख्ख. दाराशी पोलीसबाई स्टूल टाकून बसली होती. आत गिरमिटाची बायको भिंतीला टेकून होती. रडून रडून तिचे डोळे सुजले नव्हते, आणि रांगेतल्या बायकांनी तेवढ्यावरूनच निकाल लावून टाकला होता.

“वाटीत काय होतं गं?” फोटोबाईंनी बसता बसताच विचारलं. आडवळणं घ्यायची त्यांना सवय नव्हती.

“गरम पाणी. श्वास कोंडला होता त्यांचा. माशासारखं तोंड उघडत होते. दोन घोटसुद्धा उतरले नाहीत, बाई.”

“आधी किती दिवस असं चाललं होतं?”

“दिवस कसले? वर्षं. उशाला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. माझ्याकडे पाठ करून खोकायचे, मला दिसू नये म्हणून. मला काय कळत नव्हतं?”

“मग फोटो साफ कसा आला?”

एवढा वेळ घडाघडा बोलणारी ती बाई भिंतीकडे तोंड फिरवून बसली.

“अगं, त्या फोटोनेच तुझ्या गळ्यात फास अडकवलाय!”

“अडकू दे,” ती म्हणाली. “पाण्याचं विचारा, औषधाचं विचारा. फोटोचं नका विचारू.”

बाहेर लांबवर लोखंडाच्या रुळावर घण पडला. एकदा, दोनदा, तीनदा. मग जमीन हादरली आणि फळीवरची भांडी किणकिणली. खाणीत सुरुंग उडाला होता. ती तीन ठोके होईपर्यंत मान वर करून ऐकत राहिली होती.

“तुझाच भाऊ ना तो? हाकाऱ्या?”

“धाकटा आहे माझा.” पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. “आईमागे मीच वाढवलाय. तिन्ही खाणींना एका हाकेत सावध करायचा. शेजारच्या वस्तीतली कुत्री उठायची.”

“आता रूळ वाजवतो?”

“गेल्या वर्षापासून. लोखंडाचा आवाज लांब जातो म्हणतो.” ती थांबली आणि तिने फोटोबाईंचा हात धरला. तळवा बर्फासारखा गार होता. “बाई, तुम्ही भल्या आहात. पण यात पडू नका. माझा एक माणूस गेला. मी तोंड उघडलं तर आणखी चार घरं उठतील.”

३

आणखी चार.

फोटोबाई दवाखान्यात परतल्या त्या दार लावूनच बसल्या. चौतीस बिल्ल्यांची चौतीस पाकिटं. फोटोंची व्हॅन वर्षातून एकदा यायची, अशी चार वर्षं. शंभराहून जास्त फोटो. फोटो बघायची उजेडपेटी होती, पण तिची नळी जाऊन दीड वर्ष झालेलं. डॉक्टरांनी चार अर्ज केले होते आणि चारही अर्जांना पोच मिळाली होती. तेव्हा सगळा कारभार खिडकीवर चाले. डॉक्टरही तिथेच फोटो धरत, बघत आणि शिक्का मारत.

बाराव्या पाकिटात चार फोटो होते. चारही साफ. फोटोबाईंनी पाच महिन्यांपूर्वीचा फोटो पुन्हा निरखला. हृदयाच्या सावलीपाशी, डाव्या बाजूची सातवी फासळी मधेच वाकडी होती. कधीतरी मोडून आपली आपण सांधलेली, झाडाच्या फांदीला गाठ यावी तशी गाठ आलेली.

ही गाठ त्यांनी आधी पाहिली होती. कुठे, ते आठवेना. पण चेहरा विसरेन, फासळी विसरणार नाही, असा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता.

त्यांनी सगळी पाकिटं उपसली. अर्ध्या तासाने एकोणिसाव्यात ती गाठ सापडली. मग सत्ताविसाव्यात. मग सहाव्यात, मग तेहतिसाव्यात. गिरमिटासकट पाच बिल्ले, आणि अकरा फोटो. पहिल्या वर्षी एकच, गिरमिटाचा. दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी तीन. या वर्षी पाच.

एकाच फोटोच्या नकला असतील म्हणून त्यांनी फोटो एकावर एक ठेवून पाहिले. खांदे जुळेनात. कुठे मान जरा तिरकी, कुठे हनुवटी वर. नकला नव्हत्या. अकरा वेळा एक माणूस व्हॅनमध्ये चढला होता आणि अकरा वेळा पाटीला छाती लावून उभा राहिला होता.

फोटोबाई मटकन खुर्चीत बसल्या. याच वर्षीचे पाच तर त्यांच्या हातांखालून गेले होते. पाचही त्यांनी स्वतः पाकिटांत घातले होते, आणि घालताना शेंगा सोलाव्यात तशा गप्पा मारत घातले होते.

आणि अकरांपैकी प्रत्येकावर शिक्का होता. साफ.

४

बिल्लेमास्तरांच्या टपरीत खिळ्यांवर पत्र्याचे गोल बिल्ले टांगलेले होते. माणूस खाणीत उतरताना बिल्ला घेई, वर आला की परत टांगी. या माणसाने चाळीस वर्षांत एक बिल्ला हरवू दिला नव्हता, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवत असे.

“व्हॅन आली की मी बिल्ले वाटतो,” मास्तर म्हणाले. “व्हॅनवाला बिल्ला बघतो, फोटोत उमटणारे शिशाचे आकडे लावतो, फोटो काढतो. बिल्ले माझ्याकडे परत. चौतीस गेले, चौतीस आले.”

“तोंडं कोण बघतं?”

“तोंडं?” मास्तर हसले. “बाई, तुम्ही पाळी सुटताना खाणीवर आला नाहीत कधी. माणसं वर येतात ती पिठाच्या गिरणीत पडल्यासारखी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. बाप लेकाला ओळखत नाही. व्हॅनवाला दर वर्षी नवा, तो काय ओळखणार?”

“आणि फोटो डागी निघाला तर?”

मास्तरांचं हसू मावळलं. त्यांनी एका रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. “डागी माणसाचा बिल्ला जातो. बिल्ला गेला की महिन्याभरात खोली सोडायची. मुकादमाचा नियम आहे.”

तेवढ्यात मुकादमच आत शिरला. फोटोबाईंनी वाकड्या फासळीची चौकशी चालवल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं, आणि तो तावातावाने आला होता.

“फासळी माझीही मोडलीय! ट्रकवरून पडलो होतो. सगळ्या गावाला माहीत आहे. आता माझ्यावर घाला सगळं!”

“शर्ट वर करा,” फोटोबाई म्हणाल्या.

“काय?”

“लाजू नका, माझ्या वयाला शोभेलसंच सांगतेय.”

मुकादमाने कुरकुरत शर्ट वर केला. फोटोबाईंनी दोन बोटांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या. गाठ होती, पण उजवीकडे.

“हृदय डावीकडे असतं, मुकादम. तुमचंही असेल. आमची फासळी त्याच्या शेजारची आहे.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “बरं, भोकं पाडताना दगडावर पाणी सोडायचा पाइप कुठे आहे? पाणी सोडलं की धूळ उडत नाही म्हणतात.”

“पाण्याने काम रेंगाळतं,” मुकादम म्हणाला. “दोन वर्षं झाली काढून ठेवून.”

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की फोटोबाईंना क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांना संताप आला, असा की तिथे उभं राहवेना. तपासणी माणसं वाचवायला असते, एवढंच त्यांना आजवर ठाऊक होतं. इथे माणसं तपासणीपासून जीव वाचवत होती.

एक मात्र पक्कं झालं होतं. डागी माणूस साफ माणसाची छाती मागून आणत होता. पण देणारा कोण?

५

दीड वाजला. फोटोबाईंनी अकरा फोटो पुन्हा खिडकीशी नेले. पाचांपैकी देणारा स्वतः कुणी असेल का? नाही. उरलेले चौघेही धापा टाकणारे होते. सहा नंबर शिडीवर मधेच थांबायचा, एकोणीस नंबर बायकोच्या आधाराने दवाखान्यात यायचा. देणाऱ्याचा स्वतःचा फोटो कुठल्याच पाकिटात नव्हता, म्हणजे त्याला बिल्लाच नव्हता. पण तो पाळी सुटताना खाणीच्या तोंडाशी असायचा, आणि रांगेत उभा राहिला तर कुणाला नवल वाटत नसे.

एकोणीस नंबरच्या गेल्या वर्षीच्या फोटोत गळ्याच्या हाडाजवळ एक बारीक पांढरी रेघ होती. ओरखडा असेल म्हणून त्यांनी नख फिरवलं. नख अडलं नाही. फोटोला काही झालेलं नव्हतं. रेघ माणसाच्या अंगावर होती. घाईत गंजी न काढता उभा राहिला असेल, आणि गंजीला काहीतरी लोखंडाचं टोचलेलं राहिलं असेल. सुईपेक्षा जाड. टोकाशी जरा वाकलेलं, आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोक.

नेढं होतं ते. दाभणाचं.

गोण्या शिवायचं दाभण गळ्याशी खोचून फिरणारा माणूस या वस्तीत एकच होता. फोटोबाईंना तो बर्फासारखा गार तळवा आठवला.

खाणीच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती. गारगोटीची भुकटी कारखान्यात पोचवून रिकाम्या गोण्या परत यायच्या. त्या झाडायच्या, फाटल्या असतील तर शिवायच्या, घड्या घालायच्या. सुरुंगाची वेळ झाली की बाहेर येऊन इशारा द्यायचा. हाकाऱ्याचा दिवस हा असा जायचा. फोटोबाई पोचल्या तेव्हा तो खांबावर गोणी आपटत होता. शेडमध्ये पांढरा ढग भरला होता.

“या, बाई!” तो म्हणाला. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, हसरा. त्याने हातानेच ढग बाजूला सारला आणि त्यांच्यासाठी गोण्यांची गादी केली. गंजीच्या गळ्याशी दाभण होतंच.

“डाव्या अंगाची फासळी कधी मोडली रे?”

तो हसायचा थांबला. “लहानपणी. झाडावरून पडलो. ताईनेच बांधली होती, फडक्याने.” मग त्याने खांद्यावरची धूळ झटकली. “सापडलं वाटतं तुम्हाला. बरं झालं. ताईने शपथ घातलीय, तू बोलायचं नाहीस. आता तुम्हीच ओळखलंत, म्हणजे मी शपथ मोडली असं होत नाही ना?”

“अकरा वेळा?”

“मोजल्या नाहीत मी. दाजींनी पहिल्यांदा मागितली. म्हणाले, एवढी तुझी छाती आहे, पाच मिनिटं उसनी दे. देण्यात काय जातंय? तोंडाला धूळ चोळायची, श्वास भरायचा, धरायचा. मग त्यांनी कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. बिल्ला गेला की खोली जाते, बाई. नाही कसं म्हणायचं?”

“आणि तुझी बहीण फासावर चालली तरी तू गप्प?”

“मी कालच निघालो होतो!” त्याचा आवाज चिरकला. “तिने पाय धरले माझे. धाकट्या भावाचे पाय धरले. म्हणाली, मी काही केलेलं नाही, माझं काय ते होईल. तू बोललास तर ती चार घरं रस्त्यावर येतील, आणि तुला आत टाकतील ते वेगळंच.” त्याने गोणी खाली टाकली. “चला. मी येतो. ज्याची छाती आहे त्यानेच सांगितलेलं बरं.”

दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. चालता चालता तो दोनदा थांबला. एकदा चपलेतला खडा काढायला, एकदा बांधावरून खाण बघायला.

६

चारला दहा कमी होते. डॉक्टरांच्या खोलीत फौजदार, मुकादम, बिल्लेमास्तर, आणि पोलीसबाईच्या शेजारी गिरमिटाची बायको. भावाला आत आलेलं बघताच ती उठली आणि तिथल्या तिथे खाली बसली.

फोटोबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. दहा फासळ्या, वाकडी गाठ, पांढरी तोंडं, बिल्ला नसलेला माणूस, दाभणाचं नेढं. हाकाऱ्याने न सांगता गंजी काढली. डॉक्टरांनी त्याच्या डाव्या बरगडीवरून बोट फिरवलं, सातवीपाशी थांबले आणि मान हलवली.

“म्हणजे गिरमिटाचा एकही फोटो कधी निघालाच नाही,” फौजदार म्हणाले.

“एकही नाही. त्याची छाती कशी होती ते या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. तो झोपायचा कसा, चढायचा कसा, ते मात्र सगळी रांग सांगेल. विचारलं कुणी नाही, कारण फोटो होता.”

“दगडाने गेला तो,” डॉक्टर म्हणाले. “सिलिकोसिस. निळे ओठ, तोंडाला फेस, सगळं त्यातच आलं. मी लिहून देतो. आधीच कळायला हवं होतं मला.”

“वा!” मुकादम उसळला. “म्हणजे पाच जणांनी मला फसवलं, आणि हा त्यांचा पुढारी! उद्यापासून चौघांचे बिल्ले—”

“बसा,” फौजदार म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण मुकादम बसला. “बायकोवर आळ तुम्ही घेतलात. पाण्याचे पाइप तुम्ही काढलेत. चौघं तालुक्याच्या इस्पितळात जातील आणि बिल्ल्याला, खोलीला कुणी हात लावणार नाही. पाइप आणि नियम, दोन्हींचं आपण सावकाश बोलू.” मग ते गिरमिटाच्या बायकोकडे वळले. “तुम्ही घरी जा, ताई,” एवढंच ते म्हणाले.

ती हलली नाही. तिने भावाचा हात धरला होता आणि पहिल्यांदाच तिला रडू फुटलं होतं.

“एक राहिलं,” फौजदार म्हणाले. “मला वर कागद पाठवायचा आहे. चार वर्षं हाच माणूस होता, हे मला एकदा एका नजरेत दाखवा. ही पेटी लागत नाही का?”

त्यांनी आपल्या हवालदाराला चौकीवर पिटाळलं. हवालदार चौकीतलीच नळी काढून घेऊन आला. दीड वर्ष अडलेलं घोडं दहा मिनिटांत सुटलं. पेटी फडफडली आणि पांढरीशुभ्र उजळली.

फोटोबाईंनी बाराव्या पाकिटातले चार फोटो काढले आणि वर्षाप्रमाणे डावीकडून उजवीकडे लावले.

“ही बघा गाठ,” त्या म्हणाल्या. “पहिलं वर्ष. दुसरं. तिस—”

त्यांचं बोट हवेतच राहिलं.

७

पहिल्या वर्षीची छाती काळीभोर होती, निरोगी छाती दिसावी तशी. दुसऱ्या वर्षीचीही. तिसऱ्या फोटोत वरच्या भागात काहीतरी भुरभुरलेलं होतं, बघू म्हटलं तर दिसणारं, नको म्हटलं तर न दिसणारं. चौथ्यात ते दोन्ही बाजूंना पसरलं होतं. मोहरीएवढे पांढरे ठिपके. मोजता येणार नाहीत इतके.

खिडकीच्या उजेडात यातलं काहीच दिसलं नव्हतं. एकेक फोटो सुटा धरला की तो साफ होता.

एकोणतीस वर्षं ज्या डोळ्यांचा अभिमान बाळगला, त्या डोळ्यांनी पाच महिन्यांपूर्वी हे ठिपके पाहिले होते आणि गप्पा मारत पाकिटात घातले होते. फोटोबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्यांनीही पाहिलं होतं.

खाणीत तो कधी उतरलाच नव्हता. पण खाणीतली सगळी धूळ गोण्यांतून त्याच्याकडे येत होती, आणि सात वर्षं तो ती खांबावर आपटून हवेत उडवत होता. त्याने हाक सोडून रूळ का धरला, वाटेत दोनदा का थांबला, ते आता विचारायची गरज नव्हती. इतक्या वेळा तपासलेला माणूस सगळ्या वस्तीत दुसरा नव्हता. आणि त्याला एकदाही कुणी तपासलं नव्हतं.

“काय झालं, बाई?” गिरमिटाच्या बायकोने विचारलं. ती पेटीकडे बघत नव्हती, फोटोबाईंच्या तोंडाकडे बघत होती. तिला कळायला वेळ लागला नाही. ती उठली, जवळ आली, आणि भावाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “साफ म्हणा. एवढ्या वेळा म्हणालात. आणखी एकदा म्हणा.”

“ताई, काय कुजबुजतेस?” हाकाऱ्या गंजी घालत पुढे आला. बहीण सुटली होती, चार घरं वाचली होती, मनावरचं ओझं उतरलं होतं. गडी खुशीत होता. त्याने चार फोटोंकडे कौतुकाने पाहिलं. “साफ ना, बाई?”

फोटोबाईंना वाटलं, आपण हो म्हणावं. हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “हे ठिपके बघ. धुळीचे आहेत. गोण्यांच्या. तू उद्यापासून त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. चौघांबरोबर इस्पितळात जायचं.”

हाकाऱ्या पेटीवर वाकला. बराच वेळ त्याने तो चौथा फोटो निरखला. मग कोपऱ्यातल्या शिशाच्या आकड्यांवर त्याने बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

“बारा नंबर!” तो म्हणाला. “अहो, हे दाजींचे ठिपके आहेत. त्यांची छाती खराब होतीच की.”

फोटोबाईंनी वाकड्या फासळीवर बोट ठेवलं.

“खरंच, बाई. माझा नंबरच नाही यात. माझ्या नावाचा एकही फोटो आजवर निघालेला नाही. विचारा मास्तरांना.” त्याने एकेकाकडे पाहिलं, फौजदारांकडे, डॉक्टरांकडे, शेवटी बहिणीकडे. “ताई, तू तरी सांग ना यांना.”